पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई सरस्वती (जन्म : २३ एप्रिल १८५८, मृत्यू : ५ एप्रिल १९२२) या संस्कृत पंडिता, समाजसुधारक, लेखिका, बायबलच्या मराठी भाषांतरकार आणि पुणे जिल्ह्यातील केडगाव येथील मुक्ती मिशनच्या संस्थापक होत्या. विधवा आणि निराधार स्त्रियांच्या शिक्षणासाठी त्यांनी शारदा सदन स्थापन केले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत उपासमारीने गांजलेल्या शेकडो मुलींना आणि स्त्रियांना त्यांनी आश्रय दिला. हाती निश्चित उत्पन्न नसताना ईश्वरावर भरवसा ठेवून एवढा मोठा संसार चालविण्याचा त्यांचा प्रयोग भारतीय ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात विशेष मानला जातो.

जन्म व बालपण

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मंगळूर परिसरातील चित्पावन ब्राह्मण कुटुंबातले विद्वान होते. त्यांचे गुरू रामचंद्रशास्त्री साठे हे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवीत. स्त्रीच्या मुखातून संस्कृत श्लोक ऐकून अनंतशास्त्री प्रभावित झाले आणि आपल्याही पत्नीस संस्कृत शिकवावे असा निश्चय त्यांनी केला. पुढे त्यांनी आपली दुसरी पत्नी लक्ष्मीबाई यांना ते शिकविले. स्त्रीला देवभाषा शिकविल्याबद्दल त्यांना समाजाचा व धर्मपंडितांचा रोष पत्करावा लागला. अखेरीस सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात त्यांनी आश्रमवजा घर बांधले. याच ठिकाणी रमाबाईंचा जन्म झाला.

अनंतशास्त्री यांचे घर विद्यार्थी, यात्रेकरू आणि अतिथी यांना सदैव उघडे असे. आल्यागेल्याचा सत्कार आणि दानधर्म यांत त्यांची मालमत्ता हळूहळू सरली. रमाबाई जेमतेम सहा महिन्यांच्या असताना कुटुंबाने गंगामूळ सोडले आणि तीर्थाटनास प्रारंभ केला. तान्ह्या रमाबाईंचा प्रवास वेताच्या पेटाऱ्यात झाला. पुढे कित्येक वर्षे हे कुटुंब गावोगाव देवळांत पुराणे सांगत फिरले. मिळालेल्या दक्षिणेतून निर्वाहापुरते ठेवून उरलेले पुन्हा दान करावे, असा त्यांचा रिवाज होता. रमाबाईंना संस्कृतचे शिक्षण मुख्यतः आईकडून मिळाले. व्याकरण, कोश आणि भागवत यांचे त्यांचे पाठांतर लहानपणीच पक्के झाले होते.

दुष्काळाचा पहिला अनुभव

१८७४च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळाने डोंगरे कुटुंबाची दैना केली. दक्षिणा देणारे हात आखडले. शारीरिक मजुरीची सवय कुटुंबातील कोणास नव्हती आणि भीक मागणे त्यांच्या वृत्तीत बसत नव्हते. घरातील भांडी व दागिने विकून झाले. उपास, जपजाप्य आणि तीर्थस्नाने चालूच राहिली. शेवटी रानातील पाने खाऊन दिवस काढण्याची वेळ आली. तिरुपतीच्या परिसरात असताना वृद्ध आणि दृष्टी गेलेल्या अनंतशास्त्रींनी जलसमाधी घेण्याचे ठरविले होते; परंतु थोरला मुलगा श्रीनिवास याने मजुरी करून सर्वांना पोसण्याची तयारी दाखविल्यामुळे तो बेत मागे पडला. तथापि थोड्याच दिवसांत अनंतशास्त्री निवर्तले. त्यांच्यामागून लक्ष्मीबाई आणि काही काळाने थोरली बहीण यांचाही मृत्यू झाला. आईच्या अंत्ययात्रेस पुरेसे खांदेकरी मिळाले नाहीत. तेव्हा रमाबाईंनी स्वतः तिरडीस हात दिला आणि उंची कमी असल्यामुळे त्यांना तो भार डोक्यावर घ्यावा लागला.

उरलेल्या दोघा भावंडांनी पुढील काही वर्षे भारतभर हजारो मैल पायी प्रवास केला. अंगावर पुरेसे वस्त्र नसल्याने पंजाबात झेलम नदीच्या काठी वाळूत खड्डे खणून आणि कोरडी वाळू अंगावर ओढून त्यांनी थंडीच्या रात्री काढल्या. या काळात परंपरागत व्रतवैकल्यांवरील दोघांची श्रद्धा डळमळीत झाली. भुकेचा हा अनुभव रमाबाईंच्या मनातून कधीच गेला नाही. वीस-बावीस वर्षांनंतर मध्य प्रांतातील दुष्काळाची वार्ता कानी आली, तेव्हा त्यांना आपलेच बालपण आठवले.

कलकत्ता, विवाह व वैधव्य

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंच्या संस्कृत ज्ञानाची परीक्षा घेतली आणि त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. ब्राह्मो समाजाच्या पुढाऱ्यांशीही त्यांचा येथेच परिचय झाला. केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदांच्या अध्ययनास प्रवृत्त केले. बंगालमध्ये आणि आसामात स्त्रीशिक्षणावर त्यांनी व्याख्याने दिली.

१८८० मध्ये भाऊ श्रीनिवास याचे निधन झाले. त्याच वर्षी रमाबाईंनी त्याचे स्नेही बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. मेधावी हे ब्राह्मण नसल्याने दोन्हीकडील समाजांनी या विवाहाचा निषेध केला. एप्रिल १८८१ मध्ये कन्या मनोरमा हिचा जन्म झाला. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीच्या विकाराने मेधावी यांचा मृत्यू झाला आणि वयाच्या चोविसाव्या वर्षापूर्वीच रमाबाई विधवा झाल्या.

पुण्यातील कार्य व इंग्लंडला प्रयाण

पतिनिधनानंतर रमाबाई पुण्यास आल्या. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यासारख्या सुधारकांच्या साहाय्याने त्यांनी १८८२ मध्ये आर्य महिला समाज स्थापन केला. त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर यांची निकड त्यांनी मांडली. त्यांचे स्त्रीधर्मनीती हे पुस्तकही १८८२ मध्येच प्रसिद्ध झाले. या पुस्तकाच्या विक्रीतून आलेल्या पैशांतून त्यांनी इंग्लंडच्या प्रवासखर्चाची तरतूद केली.

वैद्यकशास्त्र शिकावे या हेतूने त्या १८८३ मध्ये मुलीसह इंग्लंडला गेल्या. परंतु श्रवणदोषामुळे तो विचार त्यांना सोडावा लागला. वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाकडे त्यांचा मुक्काम होता. लंडनमधील फुलहॅम येथे याच संघाच्या भगिनी पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी चालवीत असलेले सेवागृह त्यांनी पाहिले. ज्यांना समाजाने टाकून दिले त्यांना प्रेमाने पुन्हा उभे करण्याची ही रीत त्यांना नवी होती. येशूच्या शोमरोनी स्त्रीशी झालेल्या भेटीची कथा त्यांना या भगिनींकडूनच समजली. नेहेम्या गोऱ्हे यांच्या लेखनाचाही त्यांच्या विचारांवर परिणाम झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. धर्मांतरानंतरही पंथाची मते त्यांनी डोळे मिटून स्वीकारली नाहीत. चर्चच्या अधिकाराविषयी आणि धर्मसिद्धांतांविषयी वाँटेजच्या भगिनींशी त्यांचे तीव्र मतभेद झाले. १८८४ ते १८८६ या काळात चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात त्यांनी संस्कृत शिकविले.

अमेरिका व शारदा सदन

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फिया येथे गेल्या. अमेरिकेत त्यांनी सुमारे तीन वर्षे राहून बालोद्यान शिक्षणपद्धतीचा अभ्यास केला आणि ठिकठिकाणी व्याख्याने दिली. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशनची स्थापना झाली. भारतातील बालविधवांच्या विद्यालयाचा खर्च दहा वर्षे चालविण्याची जबाबदारी या संस्थेने घेतली.

भारतात परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. गोदूबाई या तेथील पहिल्या विद्यार्थिनींपैकी होत. पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाल्यावर त्या आनंदीबाई कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. अमेरिकेतील वास्तव्यावर आधारित युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त हे मराठी पुस्तकही १८८९ मध्येच प्रकाशित झाले. १८९० मध्ये शारदा सदन पुण्यास हलविण्यात आले.

संस्थेत धर्मशिक्षण दिले जाणार नाही, असे धोरण ठरले होते. परंतु काही मुली रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेस स्वेच्छेने बसू लागल्या आणि त्यावरून पुण्यात मोठे वादळ उठले. केसरीने सदनावर कठोर टीका केली. १८९३ मध्ये रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासह सल्लागार मंडळातील सुधारकांनी सदनाशी संबंध तोडला आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. पुण्यातील पाठबळ अशा रीतीने गेले. अमेरिकेतील पाठबळाची मुदतही १८९८ मध्ये संपणार होती.

भरवशाचा प्रश्न

या अनिश्चिततेला रमाबाईंनी दिलेले उत्तर दुहेरी होते. त्याची एक बाजू व्यवहाराची होती. पुण्याच्या पूर्वेस रेल्वेमार्गावरील केडगाव येथे त्यांनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली. तेथे विहिरी खणून फळबाग लावावी आणि तिच्या उत्पन्नावर शारदा सदन स्वावलंबी करावे, अशी त्यांची योजना होती.

दुसरी बाजू श्रद्धेची होती. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे आपण ख्रिस्ती धर्म बुद्धीने स्वीकारला, पण ख्रिस्ताचा अनुभव आपणास नव्हता, असे त्यांना वाटू लागले होते. १८९१ पासून त्यांच्या आध्यात्मिक जीवनाला नवे वळण लागले. त्या सुमारास त्यांनी तीन चरित्रपर ग्रंथ वाचले. ब्रिस्टल येथे कोणाकडेही याचना न करता हजारो अनाथांचे पालन करणारे जॉर्ज म्यूलर, चायना इनलँड मिशनचे संस्थापक हडसन टेलर आणि दक्षिण समुद्रातील बेटांवर काम करणारे जॉन पेटन यांच्या कार्याची माहिती त्यांत होती. परदेशात या माणसांनी केवळ ईश्वरावर विसंबून जे केले, ते भारतात शक्य आहे काय, असा प्रश्न रमाबाईंना पडला. या प्रश्नाची कसोटी लवकरच आली.

१८९६-९७चा दुष्काळ

१८९६ मध्ये पाऊस न झाल्याने मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. शारदा सदनासाठी येणारा अमेरिकेचा पैसा ठरावीक संख्येच्या उच्चवर्णीय विधवांसाठी होता. दुष्काळपीडित मुलींना आणावयाचे तर त्यांच्या अन्नवस्त्रासाठी रमाबाईंजवळ कोणताही वेगळा निधी नव्हता. नव्या मुली सर्व जातींच्या असणार होत्या, त्यामुळे तो खर्च असोसिएशनच्या तरतुदीत बसणारा नव्हता. हाताशी काही नसताना शेकडो जीवांची जबाबदारी घ्यावी काय, या विचाराने त्यांच्या मनाची ओढाताण झाली. बालपणी स्वतः भोगलेल्या उपासमारीच्या आठवणीने अखेर त्यांचा निर्णय झाला आणि त्या मध्य प्रांतात गेल्या.

तेथील सरकारी दुष्काळी कामांवर आणि गरीबखान्यांत त्यांनी अस्थिपंजर झालेली माणसे पाहिली. तरुण मुलींना फूस लावून नेणारी माणसे त्या ठिकाणी टपून होती, याची नोंद त्यांनी आपल्या वृत्तान्तात केली आहे. नंतरच्या काही महिन्यांत त्यांनी व त्यांच्या साहाय्यकांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रियांना पुण्यास आणले. त्याच वेळी पुण्यात प्लेगची साथ पसरली आणि शहरात एवढ्या मुली ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. तेव्हा रमाबाईंनी त्यांना केडगावच्या शेतावर नेले. तेथे पक्की घरे नव्हती. राहुट्या व तात्पुरत्या झोपड्या उभारून वस्तीला आरंभ झाला. फळबागेसाठी घेतलेली जमीन अशा रीतीने आश्रयस्थान झाली आणि तिला मुक्ती हे नाव मिळाले.

प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविषयी रमाबाईंनी १८९७ मध्ये वृत्तपत्रातून उघड तक्रार केली. त्या काळी सरकारवर जाहीर टीका करण्याचे धैर्य दाखविणाऱ्या मोजक्या स्त्रियांत त्यांची गणना होते.

मुक्ती मिशन

१८९८ मध्ये रमाबाई पुन्हा अमेरिकेस गेल्या. जुन्या संघटनेची मुदत संपल्यावर तिची अमेरिकन रमाबाई असोसिएशन या नावाने पुनर्रचना झाली. परंतु केडगावचा वाढता पसारा या एका साहाय्यावर चालणे शक्य नव्हते. १८९९-१९०० मध्ये गुजरात, राजपुताना आणि आसपासच्या प्रदेशांत पुन्हा दुष्काळ पडला. आधीच्या तीनशे जणींचा भार असतानाही रमाबाईंनी आपल्या साहाय्यकांना गुजरातेत पाठवून आणखी मुली आणविल्या. त्यामुळे मुक्तीतील माणसांची संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली.

मुक्ती मिशन कोणत्याही एका पंथाशी बांधलेले नव्हते. निश्चित वार्षिक अनुदान देणारी संस्था पाठीशी नसल्याने देश-विदेशातून येणाऱ्या ऐच्छिक देणग्यांवर खर्च चाले. रोजच्या गरजा सामुदायिक प्रार्थनेत मांडल्या जात. आलेला पैसा आणि झालेली कामे यांची माहिती रमाबाई अहवालांतून व मुक्ती प्रेअर बेल या पत्रिकेतून प्रसिद्ध करीत. भरवसा म्हणजे स्वस्थ बसणे, असा अर्थ त्यांनी कधी केला नाही. विहिरी, शेती, गोठा आणि कोठार यांची व्यवस्था त्या स्वतः पाहत. कष्टास कमीपणा मानल्यामुळे आपल्या आईवडिलांवर कोणता प्रसंग ओढवला, हे त्यांनी पाहिले होते. म्हणून मुक्तीत प्रत्येकीच्या हाताला काम असे. हातमागावर कापड विणणे, शिवणकाम, तेलाचा घाणा, दूधदुभते, धुलाई, शेतकाम, टोपल्या विणणे आणि छपाई असे उद्योग तेथे चालत. साक्षरतेबरोबर शिक्षिका व परिचारिका होण्याचे शिक्षणही दिले जाई.

केडगावच्या कामाचा विस्तार गरजेनुसार होत गेला. पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन आणि वृद्ध व दुर्बल स्त्रियांसाठी प्रीती सदन सुरू झाले. अंध स्त्रियांना ब्रेल लिपी शिकविण्याची सोय झाली. अनाथ मुलग्यांचीही काही काळ व्यवस्था करण्यात आली. उच्चवर्णीय विधवांपुरते सुरू झालेले काम अशा रीतीने जात, वय आणि पूर्वायुष्य यांच्या मर्यादा ओलांडून गेले. शारदा सदनही पुढे केडगावलाच हलविण्यात आले. रमाबाईंचे स्वतःचे राहणीमान अत्यंत साधे होते. पांढरी साडी, शाकाहारी भोजन आणि भारतीय रीतीचे घर त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. मिनी अ‍ॅब्रम्स आणि सुंदराबाई पवार या त्यांच्या कार्यातील प्रमुख साहाय्यक होत्या.

१९०५ मध्ये मुक्तीत मोठी धार्मिक जागृती झाली. तिचे वृत्त जगभरच्या ख्रिस्ती वर्तुळांत पोहोचले. त्या वेळच्या भावनाप्रधान प्रार्थनासभांवर टीकाही झाली. त्यांच्या धार्मिक जीवनाचा आढावा घेणारे इंग्रजी आत्मकथन १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले.

बायबलचे भाषांतर

त्या वेळी प्रचलित असलेले मराठी बायबल सामान्य, अल्पशिक्षित स्त्रियांना कळण्यास कठीण जाते, असे रमाबाईंना वाटे. म्हणून त्यांनी मूळ भाषांवरून सोपे भाषांतर करण्याचे ठरविले. त्यासाठी उतारवयात त्यांनी हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास केला. जुना आणि नवा असे दोन्ही करार त्यांनी एकहाती भाषांतरित केले. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतचे काम तेथील स्त्रियांनीच केले. दुष्काळात उपाशी आलेल्या मुलींच्या हातून हा ग्रंथ छापला गेला, ही या भाषांतराची लक्षणीय बाब होय. संपूर्ण बायबल त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

अखेरची वर्षे

१९१९ मध्ये ब्रिटिश सरकारने रमाबाईंना कैसर-ए-हिंद हे पदक दिले. कन्या मनोरमाबाई या त्यांच्या कार्याच्या वारसदार मानल्या जात. त्यांनी शारदा सदनाची धुरा सांभाळली होती आणि गुलबर्गा येथे मुलींच्या शिक्षणाचे कार्यही उभे केले होते. परंतु १९२१ मध्ये वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. एकुलत्या एका मुलीचा वियोग सोसूनही रमाबाईंनी भाषांतराचे काम थांबविले नाही. उरलेले काम हातावेगळे केल्यानंतर ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी देह ठेवला.

मूल्यमापन

रमाबाईंच्या धर्मांतरामुळे महाराष्ट्रातील सुधारकवर्ग त्यांच्यापासून दुरावला आणि दीर्घकाळ त्यांच्या कार्याची येथे उपेक्षा झाली. दुष्काळात आश्रयास आलेल्या मुलींपैकी अनेकींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यामुळे त्यांच्या सेवेमागील हेतूविषयी त्यांच्या हयातीत आणि नंतरही वाद झाले. दुसरीकडे, चर्चच्या सत्तेपुढे न झुकणारी त्यांची स्वतंत्र बुद्धी काही मिशनऱ्यांनाही रुचली नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्त्री-अभ्यासकांनी त्यांच्या लेखनाकडे नव्याने लक्ष वेधले.

त्यांच्या आयुष्याच्या आरंभी आणि उत्तरार्धात दुष्काळ आहे. पहिल्या दुष्काळात घरचे सारे दान करून बसलेले एक श्रद्धाळू कुटुंब अन्नावाचून संपले. त्या कुटुंबातून वाचलेल्या मुलीने दानाचा वसा टाकला नाही. दानाला श्रमाची आणि शिक्षणाची जोड देऊन, तसेच घेणाऱ्याची जात न पाहता, तिने तो पुढे चालविला. या दृष्टीने गंगामूळचे उघडे दार आणि केडगावचे उघडे दार यांत एक सातत्य दिसते.

स्मृती

भारतीय टपाल खात्याने १९८९ मध्ये रमाबाईंच्या सन्मानार्थ टपाल तिकीट काढले. शुक्र ग्रहावरील एका विवरास त्यांचे नाव देण्यात आले आहे. अमेरिकेतील एपिस्कोपल चर्च ५ एप्रिलला आणि चर्च ऑफ इंग्लंड ३० एप्रिलला त्यांचे स्मरण करते. केडगाव येथील मुक्ती मिशन निराधार स्त्रिया व मुलांसाठी आजही कार्यरत आहे.